जिन्याखालचे मीटर

शिरवईकर–मिनेझिस सेंटर, मडगाव.
मागच्या जिन्याखाली एकतीस मीटर,
वरच्या खिळ्याला कुणाची तरी सुकलेली माळ,
आणि पांढऱ्या रंगात लिहिलेली नावं.

चार नंबर: एफ. कुलासो, टेलर.
त्याच्या सुटांत अर्ध्या सासष्टीची लग्नं लागली.
नंतर तिथे कॅसेटी आल्या, मग एसटीडीचा डबा,
मग लॉटरी, मग सहा महिने आइस्क्रीम.
आता पोर्तुगीज पासपोर्टचा एजंट बसतो,
एसी सोळावर.
बिल अजून कुलासोच्या नावाने निघतं.
"बाय, नाव बदलायला एक तर मयताचा दाखला हवा,
नाहीतर त्याची सही.
मेलेला नाही तो. स्विंडनला आहे, मुलाकडे.
कागद मीच करून दिले."

मी महिन्यातून एकदा येते, टॉर्च घेऊन.
इथली माणसं मला चकतीवरून कळतात.
नोटरी केंकऱ्यांची चकती
सकाळच्या मिसेला निघालेल्या म्हातारीसारखी.
मोमोवाल्याच्या फ्रीझरची
तिच्या मागून हॉर्न मारत येणारी.

वरच्या मजल्यावर, आठ नंबरात, सांताना बाई.
दुकान बदललं की त्यांना आधी वास येतो.
"पहिलं नव्या कापडाचा यायचा जिन्यात.
मग केकवाला आला, मी चार किलो वाढले.
आता कसलाच नाही गो. नुसतं थंड."

मालक दोन होते. वारस नऊ.
भाडं कोर्टात जमा होतं
आणि गच्चीवर पिंपळ वाढतो,
त्याला कुणाची सही लागत नाही.

अकरा नंबर: व्हिएगस, व्हायोलिन दुरुस्ती.
शटरला कुलूप, कुलपावर कोर्टाची लाख.
चौदा महिने आकडा जागचा हलला नाही,
८८१२.
मग एकदा ८८१५.
पुढच्या महिन्यात आणखी चार.

मागे गेले. झरोक्यातून एक वायर बाहेर आलेली,
तिच्या टोकाला बल्ब, बल्बाखाली पाण्याच्या टाकीचं झाकण,
झाकणावर बारावीचं रसायन
आणि वॉचमन बुधवा लाकडाची मुलगी.
तिने मान वर केली नाही.
बुधवाने केली.
माझ्या चेहऱ्याकडे नाही,
हातातल्या मशीनकडे बघत राहिला.

मशीनवर बटणं तीन:
चालू. नादुरुस्त. दार बंद.
आता जिन्याखाली दार कुठलं?
तीस वर्षांत तिथे कधी दार नव्हतं.
मी तिसरं दाबलं.

मग पुढे येऊन चार नंबरच्या काउंटरवर
कागद ठेवला.
एजंट फोनवर होता, कुणाला तरी
आजोबांचा जन्मदाखला शोधायला सांगत.
मी बोटाने आकडा दाखवला.
या महिन्यात कुलासोने फार वीज जाळली.