प्रमाण

जामनेर रोडवरच्या फालक स्टेशनरीत
आलेख कागद फेब्रुवारीतच संपत येतो.
दहावीची पोरं नेतात, पाच-पाच, सुरळी करून.
मी जूनमध्ये जाते, उरलेले गठ्ठे उचलते,
कडा पिवळ्या पडलेले.
"मुलगी कितवीला?" दुकानदार दरवर्षी विचारतो
आणि मी दरवर्षी सांगते, नापास झाली.

अठरा बाय चोवीस. त्रेचाळीस हजार दोनशे घरं.
मोजली नाहीत, गुणाकार केला.
छपाई फिकट हिरवी,
मूग भिजवलेल्या पाण्याला येते तशी.
त्यातल्या दोन रेघांमधून मी तिसरी नेते,
शून्य पॉइंट एकचं पेन, श्वास धरून,
छापलेलीला धक्का न लावता,
भरल्या घरात भाडेकरीण वावरते तशी.

मे महिन्यात भुसावळला सत्तेचाळीस.
शाई टेकायच्या आत सुकते.
कूलर लावावा तर कागद फुगतो,
न लावावा तर मनगटाच्या घामाने
चौकोन सैल पडतात.
खिडकी उघडली की दीपनगरची राख
पानावर येऊन बसते, बारीक, करडी,
एकही कण ओळीत नाही.
पहिली काही वर्षं मी ती फुंकून टाकायचे.

खालच्या मजल्यावरचे भिरूड काका
तीस वर्षं रेल्वेच्या कंट्रोलला होते.
रात्रपाळी, कानाला फोन, पुढ्यात टेबलभर कागद.
आडवा वेळ, उभी स्टेशनं :
भादली, जळगाव, शिरसोली, म्हसावद, माहेजी.
गाडी म्हणजे एक तिरकी रेघ.
मेल असली तर ताठ, मालगाडी असली तर रेललेली.

केळीची फणी द्यायला वर आले.
चष्मा शोधला. पाहत राहिले.
आजवर इथं येणाऱ्यांनी विचारलंय,
साडीचं डिझाइन का, प्लॉटचा नकाशा का.
एक बाई म्हणाली, काय काढू राह्यली वं, डोळे जातीन.
काकांनी काही विचारलंच नाही.
मधोमध बोट ठेवलं, म्हणाले,
"इथं टक्कर आहे."

दोन रेघा, एकाच बाजूला झुकलेल्या,
मागची पुढचीला गाठत आलेली.
तीन आठवडे घालवले होते मी त्या जागेवर.
"मालगाडीला म्हसावदला लूपमध्ये घे. मेल जाऊ दे."
मी नको म्हणेपर्यंत
खिशातली पेन्सिल कागदावर टेकलीसुद्धा.

मग बोट पार तळाशी गेलं.
तिथं एकच रेघ, कुठंही न वळलेली.
"आडवी रेघ म्हणजे गाडी उभी," म्हणाले.
"ही कोण, एवढा वेळ?"
काका, ती नुसती रेघ आहे.
"हां. सिग्नल मिळाला नसंल."

आणि जाता जाता उजव्या कोपऱ्यात,
जिथं पोरं प्रमाण लिहितात
आणि मी आजवर काही लिहिलेलं नाही,
बारक्या सरकारी अक्षरात लिहून गेले :
एक सेंटिमीटर = दहा मिनिटं.

दोन दिवस तो कागद मी
भिंतीकडे तोंड करून ठेवला.
खोडरबर घेतला, ठेवला, परत घेतला.
तिसऱ्या रात्री पट्टी लावून पाहिली.
चौदा सेंटिमीटर.
दोन तास वीस मिनिटं.

कुठल्या दुपारी काढली होती, आठवेना.
लाइट गेलेली होती एवढं आठवलं,
आणि यार्डातलं शंटिंगही थांबलेलं.
कुणाची तरी वाट पाहत होते का,
ते पट्टीवर दिसत नाही.

पेन्सिलीची खूण तशीच आहे. राखही.
फणीतलं शेवटचं केळं
तोवर काळं पडत आलं होतं.
उभ्यानेच खाल्लं.