येताना कचरा आणा

ऑगस्टपासून मी काही फेकलं नाही.
अंड्यांचे ट्रे, दुधाची खोकी, बरण्यांची झाकणं,
जोडीदार हरवलेले मोजे,
कारखान्यातून आणलेले खेकड्यांच्या पेट्यांचे पुठ्ठे.
मुकादम म्हणाला, "ने, तेवढाच कचरा कमी."
स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा उरली नाही
तेव्हा शेजारची नेवेंका दारातूनच म्हणाली,
"योलांदा, वाढदिवस आहे की भंगाराचं दुकान?"
आणि संध्याकाळी स्वतःच
बिस्किटांचे चार पत्र्याचे डबे आणून ठेवले.
"परत हवेत," एवढं बजावून.

आयलेनला सात पूर्ण होणार.
मागच्या महिन्यात तिच्या वर्गातल्या एकीकडे
हॉल होता, उड्या मारायला फुगवलेला किल्ला होता,
निघताना प्रत्येकाच्या हातात पिशवीभर प्लास्टिक.
मी पगाराची पावती उलटी केली
आणि तिच्या पाठीवर हिशोब मांडला:
मैदा दोन किलो. दोऱ्याचं रीळ.
अंडी केकला, ट्रे नंतर कामाला.
बसलं कसंबसं.

वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडांवर आमंत्रणं लिहिली:
भेटवस्तू नको.
घरातलं फेकायला काढलेलं काहीतरी आणा.

शनिवारी सामुद्रधुनीवरून असा वारा सुटला
की चौकात दोऱ्या बांधल्या,
माणसांनी धरून चालावं म्हणून.
मुलं आली ती लाल नाकांची, पिंजारलेली.
दान्कोनं मोडकी छत्री आणली.
पुन्ता अरेनासमध्ये छत्री कोण विकत घेतं?
त्याच्या आईनं घेतली होती. एकदा.
एलुनेईनं अर्धी विणून सोडलेली टोपी आणली,
सुयांसकट.

बास्तियान दारातच थांबला, हात खिशात.
"आमच्या घरी काही फेकतच नाहीत," म्हणाला.
"खोक्यांत रोपं लावतो. मोजे आजी उसवते."
तक्रार नव्हती. माहिती होती.

मला उत्तर सुचलं नाही.
आतल्या खोलीत जाऊन कपाटाच्या तळातून
बाबांच्या औषधांची रिकामी खोकी काढली.
एप्रिलपासून तिथंच होती.
का ठेवली होती, विचारू नका.
"हे घे," म्हटलं. "हे फेकायचं राहून गेलं होतं."

मग मैद्याची खळ रटरटली.
एक पातेलं करपलं.
करपलेली खळ जास्त चिकटते
हा शोध दान्कोनं लावला, आणि केसांना लावून सिद्धही केला.
अंड्यांच्या ट्रेमधून पेंग्विन निघाले,
त्यातले दोन सरळसरळ कोंबडे.
छत्रीच्या काड्यांचा खेकडा झाला.
आयलेननं त्याच्या एका नांगीला चिंधी गुंडाळली:
"आईचा हात असाच दुखतो."
मी केक कापायला वळले.
केक मधोमध बसला होता, तिथं जास्तीचा जॅम भरला.

पाच वाजता बास्तियाननं माझी बाही ओढली.
खोक्यांची घरं, ओळीनं, औषधांच्या नावांसकट.
एका दारावर डॉक्टरांच्या अक्षरात:
रोज रात्री एक, जेवणानंतर.
घरांपुढून काडेपेटीच्या काड्यांना दोरा ताणलेला,
आणि दोऱ्याला धरून निघालेला
बाटलीच्या बुचाची टोपी घातलेला एक म्हातारा.
"हा पडणार नाही," बास्तियान म्हणाला.
"दोरी माझ्या बाबांनी बांधलीय. चौकातली पण तेच बांधतात."

घरी ने, म्हटलं.
त्यानं बराच वेळ विचार केला.
"वाटेत उडेल. तुमच्याकडं राहू दे."

आता फरशीवर खळ वाळून पापुद्रे सुटलेत.
खिडकीत ती गल्ली,
फटीतून वारा येतो तेव्हा म्हातारा
थोडा डुलतो.
मी दोनदा जाऊन पाहिलं.

नेवेंका टेबलापाशी डबे मोजतेय.
तीनच भरतात.
चौथा डोक्यावर घालून
दान्को केव्हाच गेला.