अर्धा इंच माया

लोखंडी कपाटात, लाइट बिलांच्या गठ्ठ्याखाली
एक कार्ड आहे. लॅमिनेट केलेलं.
त्यावर नंबर, माप, बाजू : डावी.
तारीख चौदा वर्षांपूर्वीची. कधी बदलायचं, त्याला रकानाच नाही.

रामदासपेठेत ताजने मॅडमना मी तेच विचारलं,
किती वर्षं टिकतं हे?
त्या म्हणाल्या, लोक दहा म्हणतात, पण ही काही
दुधाची पिशवी नाही, तारीख पाहून नालीत ओतायला.
कोणाचं वीस वर्षं चालतं, कोणाचं सातव्या वर्षी काढावं लागतं.
दुखलं, आवळलं, आकार बिघडला, फाटलं, तर बदलायचं.
नाही तर तपासत राहायचं.
फाटलेलं कधी कधी कळतही नाही, वत्सलाबाई.

मला कळणार नाही?
महालात तीस वर्षं ब्लाउज शिवते मी.
टेप छातीभोवती गेला की बाई श्वास रोखते,
आणि मी म्हणते, सोडा बाप्पा श्वास,
लग्नात जेवाल की नाही?

माझा स्वतःचा ब्लाउज मात्र दोन मापांचा.
उजवी माझ्याबरोबर बावन्नची झाली,
उतरली, सैलावली, घामोळ्यांना सरावली.
डावी अडतिसातच थांबलेली,
शाळेच्या प्रार्थनेला उभ्या पोरीसारखी ताठ.
दिवाळीपासून तीही वर सरकू लागली.
कुशीवर वळलं की वाटतं
गादीखाली कोणी वरवंटा विसरलं.

मॅडम म्हणाल्या, परक्या वस्तूभोवती शरीर पडदा विणतं.
सगळ्यांचंच विणतं. तुमचं जरा घट्ट विणलंय.
मला हसूच आलं.
माझा बाप गोळीबार चौकात मागावर बसायचा,
करवतकाठी विणायचा, कोशाचं सूत दातानं तोडायचा.
म्हणायचा, सैल विनलं त गिऱ्हाईक शिव्या देते,
लय घट्ट विनलं त बाईले चालता येत नाही.
कोष्ट्याच्या पोरीचं अंग ते.
सैल विणायचं त्याला शिकवलं कोणी?

घरी आले तर खिडकीत उमरेडकरांचा पोरगा
कूलरच्या ताट्या काढत होता.
वाळा काळा पडलेला, बोअरच्या पाण्यानं
दगड झालेला, हातात घेतला तर मोडला.
काकू, दरसाली बदला लागते ह्या, तो म्हणाला,
तुमी तीन सालं चालवल्या.
तिन्हीचे चारशे ऐंशी दिले.
नव्या ताट्यांना पाणी लागलं आणि घरभर वास सुटला.
मला हेवा वाटला, खरं सांगते. कूलरचा.

नणंद म्हणाली, काढूनच टाक नं व.
आता या वयात कोनासाठी ठेवते?
माझ्या तोंडात टाचण्या होत्या.
बरं झालं होत्या.

कोणासाठी ते मलाही नीट सांगता येत नाही.
रात्री आंघोळीनंतर आरशाकडे पाठ करूनच
साडी नेसते मी, चौदा वर्षं झाली.
पण दुकानात उभी राहते तेव्हा
पदराखाली दोन्हीकडे काहीतरी असतं,
आणि टेपमधली बाई माझ्याकडे बघत
हळूच श्वास सोडते.

मॅडमनी तीन वाटा सांगितल्या आहेत :
तेवढंच नवं, थोडं लहान, किंवा काहीच नाही.
घाई नाही म्हणाल्या.

काल स्वतःसाठी एक कापड बेतलं.
शिवणीत मी नेहमीच अर्धा इंच माया सोडते.
गिऱ्हाइकाला सांगत नाही.
बाई भरते, आटते, बाळंत होते, दुखण्यातून उठते,
उसवायला जागा हवी.
उजवीकडे अर्धा सोडला.
डावीकडे खडू टेकवून बराच वेळ बसले,
मग दोन इंच सोडून कातर चालवली.

सकाळी दवाखान्यात फोन केला.
म्हटलं, लग्नसराई उतरू द्या, अकरा ब्लाउज बाकी आहेत.
जूनमधला कोणताही मंगळवार चालेल.
जुनं काढायचं हे नक्की.
नवं बसवायचं की नाही,
ते आदल्या आठवड्यात सांगते.