पासंग

ओतार, तू मला कोरड्या पुलावरून उचललंस,
पितळी तराजूसकट, जुनी पदकं आणि
कान तुटलेल्या कपांच्या शेजारून.
घासाघीस केलीस. म्हाताऱ्याने पाच लारी सोडल्या.
तो तर फुकटही देणार होता.
त्याची मनगटं तू पाहिली नाहीस.

आता मी तुझ्या कॅफेत, काउंटरवर.
डाव्या पारड्यात लिंबं ठेवलीस, शोभेला.
मुली फोटो काढतात.

सांगून टाकते. मी त्सिआला, सोलोलाकीतली.
गल्लीच्या टोकाच्या दुकानापुढे
पहाटे चारपासून उभी असायची,
त्या हिवाळ्यात, ज्यात दिवे नव्हते
आणि लोकांनी बागेतली झाडं जाळली.
शाल्वा मेणबत्तीच्या उजेडात पीठ तोलायचा.
उजेड काट्यापर्यंत पोचायचा नाही.
रोज पस्तीस ग्रॅम. एकशे बारा दिवस.
मेल्यावर माणसाला हिशेबाला वेळ मिळतो:
चार किलोला ऐंशी ग्रॅम कमी.
धाकटी तेव्हा नऊ महिन्यांची.
तिला मी कधी तोलली नाही. उचलताना कळायचं.

शाल्वा केव्हाच मेला, झोपेत, भरल्या पोटी.
तराजू ज्याचा, देणं त्याचं.

म्हणून तुझा पट्टा दोन भोकं आत गेला.
म्हणून खाल्लेलं अंगाला लागत नाही.
डॉक्टर रक्त तपासतो, तुझी मझिया
अक्रोड भरलेली वांगी वाढते, पुन्हा वाढते,
आणि रात्री रिकामं पारडं खाली बसतं,
टक्क.
तू दिवा लावतोस. मी थांबते.
रोज पस्तीस. वर एक गुंजही नाही.
मी काटा मारत नाही.

खरं सांगू, मला तुझी लाजच वाटायची.
उचलायचे ते पस्तीस मी मान खाली घालून उचलायची.

मग काल तू सुटी कॉफी विकायचं ठरवलंस.
पारडं उलटं केलंस पुसायला
आणि तुला दिसला तो, मेणाने चिकटवलेला
शिशाचा तुकडा, अंगठ्याच्या पेराएवढा.
माझं घर, ओतार. तीस वर्षांचं.
नखाने उचकटलास. तळहातावर झेलून पाहिलास.
मला वाटलं, सुटले. आता नदीत टाकेल.
मत्क्वारीच्या पाण्याचा गार वाससुद्धा आला मला.

तू दाराकडे पाहिलंस.
खुर्च्या टेबलांवर उलट्या. रस्त्यावर कोणी नाही.
काडी ओढून मेण मऊ केलंस
आणि तुकडा होता तिथेच दाबून बसवलास.

बरं झालं.
आता मोजत बसायला नको.
आता तू नवा मालक राहिला नाहीस.