रुमाल

पहिल्या वर्षी संविधान चौकात आम्ही अठ्ठावीस,
त्यातले नऊ साध्या वेषातले पोलीस.
तोंडाला रुमाल, उन्हाचं निमित्त.
नागपुरात ऊन कुणालाही पटतं,
जानेवारीतही.

यंदा डीजे, बँकेच्या छत्र्या,
ट्रकवर पोरं.
तन्मेश विचारतो,
"काका, तुम्ही काऊन कडेकडेनं चालता?"

मोरेश्वर तर येतच नाही.
"वरात आहे ही," म्हणतो,
"घोषणा कुठं गेल्या?"
शकूगुरू पान थुंकते:
"तुमच्या घोषणांच्या आधी
आम्ही बर्डीत टाळ्या वाजवत फिरलो, बाप्पा.
तेव्हा तुम्ही रस्ता बदलत होते."

बदलत होतो.

व्हरायटी चौकात
तन्मेशच्या गालावरचे रंग
घामानं एकमेकांत उतरले.
पुसायला काही आहे का, म्हणाला.

खिशात रुमाल होता.
अजून असतोच.