तीन वाजताचं वाचन

हिप्परगी बाईंनी थर्मामीटर दिला एकच,
तोही सही घेऊन, दोन दिवसांच्या बोलीवर.
लावण्यानं तो रुमालात गुंडाळून आणला,
अंडं आणावं तसा.

तीन सारखे तांबे, तीन ओली कापडं:
एक टॉवेलचा तुकडा, एक चादरीचा,
एक तिच्या आईच्या विरलेल्या सुती साडीचा.
कुठल्या तांब्यातलं पाणी जास्त गार होतं?
फेब्रुवारी संपत आलेला, पत्रा तापू लागलेला,
आणि नळ पाच दिवसांनी एकदा,
म्हणून पाणीही वाटीनं मोजून.

मी रात्रपाळी करून आलेलो.
म्हटलं, यात बघायचं काय?
एकवीस वर्षं टॉवेल विणतोय, टॉवेलच जिंकणार.
"नाना, सांगू नका," ती म्हणाली.
तिची गाठ सैल, माझी गाठ विणकराची.
हात मांडीखाली दाबून बसलो.
पाणी सांडलं. तिनं पुन्हा बांधली.

माझ्याकडं काम एवढंच:
ऊन आत आलं की तिन्ही तांबे सारखेच मागं घेणं,
तास झाला की हाक मारणं,
अंबादासची शेळी हाकलणं.

अकराला साडी पुढं. बाराला साडी पुढं.
मी मनातल्या मनात टॉवेलची बाजू घेऊन बसलेलो.
एकला साडी सुकून पापडासारखी कडक,
टॉवेल अजून ओलाच,
आणि त्याचा आकडा उतरत चाललेला.
"बघ!" म्हणालो.
"थांबा हो," म्हणाली.

तीनच्या आधीच तिला झोप लागली, वहीवर गाल ठेवून.
आणि मलाही.
जाग आली तेव्हा चार वाजलेले.
तक्त्यात तीनचे तिन्ही चौकोन मोकळे.
मी पेन्सिल उचलली.
दोनचा आकडा माहीत, चारचा बघितला,
मधला काढायला काय लागतं?
तुटलेलं सूत सांधावं तसा सांधला,
गाठ दिसू न देता.

ती उठली.
"तुम्ही मोजलं?"
"नाही. पण तेवढंच असणार गं."
ती खोडरबर शोधायला लागली. सापडेना.
शेवटी मीच दिला काढून,
विड्यांच्या सुपाखाली होता.

प्रदर्शनात शेजारी ज्वालामुखी,
नवी पेठेतून आणलेला, लाल लाइटचा.
सगळी पोरं तिकडं.
बाई तक्त्यावरून बोट फिरवत आल्या, तीनपाशी थांबल्या.
"हे मोकळं का?"
"झोपले होते, बाई."
"आणि घरचे?"
"तेपण."

बाई हसल्या की नाही, कळलं नाही.
मी दाराशीच उभा होतो,
कारखान्यातून तसाच आलेलो,
केसांत कापूस.

त्या रात्री मागावर सूत तुटलं.
लक्षात येईस्तोवर दोन बोटं दोष गेला कापडात.
घडी घालताना तो आतल्या बाजूला जातो.
सगळेच घालतात.
मीही घातलाय, किती वर्षं.

खिशात लावण्याचा खडू होता,
तांब्यांवर नंबर टाकायला घेतलेला.
मी कापडावर गोल काढला,
आणि माग पुन्हा चालू केला.