सहाना

अलमेलूबाई नवऱ्याच्या बदलीबरोबर आचऱ्याला आल्या,
बँकेवरच्या दोन खोल्यांत.
मी दशावताराचा पेटीवाला.
म्हणाल्या, वाजवा: रे, ग, म, प.
वाजवलं.
आता मागे. म.
मग ध, नी, सा.

सरळ का नाही जायचं?
त्या नारळ खवत होत्या.
"ती तशी जात नाही."
(रागाला त्या 'ती' म्हणायच्या. मी दुरुस्त केलं नाही.)

उतरताना तर आणखीच:
ग, म, रे... ग, रे, सा.
निघालेलं माणूस उंबऱ्यातून
काहीतरी सांगायला वळावं,
आणि न सांगताच जावं.

आणि तो गंधार!
पट्टी दाबली की उघडाबोडका.
"तिथे उभं राहायचं नाही, टेकायचं."
पेटीला टेकता येत नाही, बाई.

तिन्हीसांजेला रवळू तांडेलाच्या होडीत हे बोललो.
खाडीच्या तोंडाशी तो आधी दक्षिणेला गेला,
जरा मागे आला,
लाट पाठीशी घेतली, मग आत.
"सरळ गेलंस तर रेवेत रुततलंस.
वाट थंयसून नाय."
हवेत त्याने हाताने वाट काढून दाखवली,
ती मला ऐकू आली.

पुढच्या जूनात त्यांची बदली झाली, तिरुचीला.
आता सीता वनात निघते तेव्हा
मी पंचमावरून एक पाऊल मागे येतो.
नाईक डोळे वटारतो.
गंधार अजून तिकडेच,
दोन पट्ट्यांमधल्या फटीत,
जिथे खोबऱ्याचा कीस अडकलाय.